मे महिन्यातलं प्रकरण चौथं

लॅपटॉपखाली आईने ओलं पोतं अंथरलंय.
बाहेर शेहेचाळीस. आत, टिनाखाली, कोण मोजतं?
मी लिहितेय : रत्नागिरीच्या खडकावरची कालवं
ओहोटीत चार-पाच तास उघडी पडतात,
तेव्हा दोन्ही फळ्या घट्ट मिटून
आतल्या घोटभर समुद्रावर वेळ काढतात.

इथून समुद्र म्हणजे दोन रेल्वेगाड्या आणि एक लाल डबा.
गावात तो पाहिलेले दोघंच. मी,
आणि टोलीवरचा सुकरू, नौदलात स्वयंपाकी होता.
तिथं पाणीच पाणी, पण पिता येत नाही, तो सांगतो.
लोक अजून हसतात.

आमचं पाणी गोडं. मालगुजारी तलाव,
धिवरांच्या सोसायटीने लिजवर घेतलेला,
मार्चमध्ये गुडघ्याला होता, आता भेगा.
बाबा कुदळ घेऊन मासे खणायला जातात.
खरंच. मरळ चिखलात हातभर खोल
स्वतःच्या बुळबुळीत निजलेली असते.
'वाघूर रातच्यानं चालत जाते,' बाबा म्हणतात,
'या डबक्यातून त्या डबक्यात. छातीवर.'
आणि रोहू?
'रोहू काई शिकत नाई. रोहू मरते.'
मला एवढ्यालाच तीन परिच्छेद लागले असते,
संदर्भांसह.

प्रयोगशाळेत मी टाकीचं पाणी
तासाला एक अंश तापवते.
शिंपल्यावर तांदळाएवढा सेन्सर,
पडद्यावर कालवाचं हृदय रेघ ओढतं.
बेचाळीसला रेघ धावते.
शेहेचाळीसला अडखळते.
मग सपाट.
मी वेळ लिहिते, सही करते, पुढचं घेते.
शेवटच्या रकान्याचं नाव : ज्या तापमानाला अर्धे मरतात.

आई समोर कैऱ्या सोलतेय, शिंपीने.
तलावातली शिंपी, दगडावर घासून
पोटाला भोक पाडलेली.
भोकाच्या धारेतून साल सुतासारखी सुटते.
ही जुनी, ती म्हणते, आता एवढी जाड भेटत नाही,
नवी घासता घासताच फुटते.
मी मान वर करते.
तिसरं प्रकरण कवचांच्या जाडीवर आहे,
दोनशे दहा नमुने, डिजिटल कॅलिपर.
समासात लिहून ठेवते : नमुना एक. निरीक्षक रायवंता.

'का करतेस माय तू तिथं?'
पाच वर्षांत पहिल्यांदा विचारलं.
मी सांगितलं. पाणी हळूहळू तापवते,
अर्धे कधी मरतात तो आकडा काढते.
तिचा हात थांबला.
'अर्धे,' ती म्हणाली. 'कोनते अर्धे?'

याला उत्तर आहे. लहान की मोठे,
खडकाच्या उन्हाकडचे की सावलीकडचे,
आधीच्या उन्हाळ्यात किती भाजलेले.
'अनुकूलन' हा शब्द मी दोनशे सत्तर वेळा वापरलाय,
शोधून मोजला.
पण तिच्या डोळ्यांसमोर माझा खडक नव्हता.
गेल्या मेमध्ये तेंदूपत्ता तोडताना
तिची बहीण भोवळ येऊन बसली ती उठलीच नाही.
सुगरतामावशी. आईहून चार वर्षांनी लहान,
अंगाने दणकट.
तेच जंगल, तेच ऊन,
सकाळी दोघींनी एकाच डब्यातलं आंबील प्यायलेलं.
आई मात्र पन्नास पुडे बांधून घरी आली होती.

मी फाइल सेव्ह केली. तिने पोतं पुन्हा भिजवलं.

सांजेला बाबा मरळ घेऊन आले,
शेणाच्या गोळ्यासारखी, चिखलाने थापलेली,
कल्ले हलत होते.
आईने ती तशीच घमेल्यात ठेवली,
दोन ओंजळी पाणी, वर फडका.
'आज नोको,' म्हणाली, आणि वांगी चिरायला घेतली.
बाबा बघत राहिले.
'चारशे रुपये किलो हाये ते,' म्हणाले,
कुणालाच नाही.